बारीक वलयं: दुष्काळाची की मातीतल्या विषाची?

उद्यमबागेत, आमच्या कारखान्यांच्या वसाहतीत, परदेशातून मशीन आलं की त्याचं पाइनचं खोकं फोडून फळ्या वखारीत येतात. परवा अशाच एका फळीचं टोक रंधा मारून पाहिलं. फिकट पट्टा वसंतातल्या वाढीचा, गर्द रेघ हंगामाच्या अखेरची, दोन्ही मिळून एक वलय, म्हणजे झाडाचं एक वर्ष. मध्येच वलयं अगदी दाटली होती. "तिकडं दुष्काळ पडला असणार बघा," मिस्त्रीमामा म्हणाले. मी म्हटलं, "मामा, नुसतं बारीक आहे म्हणून दुष्काळ म्हणू नका. किती सलग आहेत ते मोजा."

दुष्काळाचं वलय बहुधा एकटं असतं, फार तर दोन-चार. पाऊस परतला की झाड सावरतं. शिवाय 1972 सारखा दुष्काळ एका झाडापुरता नसतो, सगळ्या मुलखाला एकाच वर्षी झळ लागते.

विषाची गोष्ट वेगळी. रशियाच्या कोला द्वीपकल्पात मोंचेगोर्स्कला निकेल-तांब्याची भट्टी 1930 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. धुरातले धातू जमिनीच्या वरच्या, कुजलेल्या पाल्याच्या थरात साठत गेले, आणि पाइनची बारीक मुळं नेमकी तिथंच असतात. ती मरतात, मुळांना पाणी-अन्न मिळवून देणारी बुरशीही मरते. गंधकाच्या धुरानं माती आंबट होते आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम वाहून जातं. पाइनची सुईसारखी पानं वेळेआधी गळतात, अन्न कमी तयार होतं आणि सालीखालचा वाढीचा थर कमी पेशी घालतो. म्हणून वलयं वर्षानुवर्षं बारीक राहतात. भट्टीजवळ जास्त, लांब गेलं की कमी. चिमणी बंद झाली तरी मातीतले धातू लगेच जात नाहीत. माझ्या मनाला सगळ्यात जास्त हेच लागतं.

फसायला मात्र जागा आहे. दाट लागवडीत, थंड मुलखात पाइन मुळातच हळू वाढतो आणि ते लाकूड चांगलं घट्ट असतं. मुळं दुबळी झालेल्या झाडाला साधा कोरडा हंगामही जड जातो, मग दोन्ही खुणा एकाच वलयात मिसळतात. म्हणून स्वच्छ जागेतलं त्याच जातीचं, त्याच वयाचं झाड शेजारी ठेवूनच निवाडा करावा लागतो.

मामांनी चष्मा लावून मोजलं. चौदा वलयं, सलग बारीक. फळीवर लाकूड कीडमुक्त केल्याचा, गव्हाच्या ओंबीचा शिक्का होता, देशाचा कोड होता. झाड कुठल्या रानातलं, ते कुठंच नव्हतं.