बॉनेरिक्थिस
उत्तर क्रिटेशस काळातील एका मोठ्या अस्थिमत्स्याचा लुप्त वंश. कुल पॅकिकॉर्मिडी, एकच जाती, बॉ. ग्लॅडियस. जीवाश्म मुख्यतः अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, नायोब्रारा शैलसमूहाच्या स्मोकी हिल खडूत (मऊ, पांढऱ्या चुनखडकात) सापडतात. त्यांचे वय सु. ८.७ ते ८.२ कोटी वर्षे धरतात. आर्क्टिकपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत पसरलेल्या व उत्तर अमेरिकेचे दोन भूखंड करणाऱ्या पश्चिम अंतर्देशीय समुद्राच्या तळाशी हा खडू साचला. माशाची लांबी ५ मी. किंवा थोडी अधिक असावी.

ओळख पटण्याचा इतिहास गुंतागुंतीचा आहे. अमेरिकन पुराजीवशास्त्रज्ञ एडवर्ड ड्रिंकर कोप यांनी १८७३ मध्ये छातीच्या लांब, पात्यासारख्या परावरून (पोहण्याच्या अवयवावरून) ही जाती वर्णिली आणि ती पोर्थियस वंशात घातली. पोर्थियस म्हणजे आजचा झिफॅक्टिनस. तो पूर्ण वेगळ्या गटातील दातेरी शिकारी मासा. पुढे कोप यांनीच तिला पेलेकोप्टेरस वंशात नेले व नंतरच्या अभ्यासकांनी प्रोटोस्फायरीना वंशात. या शेवटच्या बदलाने कुल बरोबर ठरले, वंश मात्र चुकीचाच राहिला. प्रोटोस्फायरीनाला तलवारीसारखे तुंड (डोक्याचे पुढे आलेले टोक) व मोठे दात असतात. ग्लॅडियसचे तुंड कोणी पाहिलेले नव्हते. या कुलातील माशांचा सांगाडा फारसा अस्थिभूत होत नसे. मणके टिकत नाहीत, हाती लागतात ते भक्कम पर व कवटीचे तुकडे, तेही बहुधा सुटे सुटे. त्यामुळे कोप यांना दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांच्यापुढे पर सोडून तुलनेला फारसे काही नव्हते.

उलगडा झाला तो कॅन्सस विद्यापीठाच्या संग्रहातील एका नमुन्यामुळे. यात कवटीची हाडे आणि पर एकाच माशाचे आहेत. सुरुवातीला तो मोठा प्रोटोस्फायरीनाच समजला गेला. खडू काढून हाडे मोकळी केल्यावर लांब जबडे दिसले. त्यांत एकही दात नव्हता आणि तलवारही नव्हती. मॅट फ्रीडमन, केन्शू शिमादा व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हा नवा वंश मांडला. कॅन्ससमध्ये पिढ्यान्‌पिढ्या जीवाश्म गोळा करणाऱ्या बॉनर कुटुंबावरून त्याला नाव मिळाले. नामकरणाच्या अग्रक्रम-नियमामुळे (आधी दिलेले नाव टिकते) कोप यांचे जातिनाम तसेच राहिले. म्हणजे वंश नवा, जाती जुनीच.

हा मासा तोंड उघडे ठेवून पोहत पाणी गाळून प्लवक (पाण्यात तरंगणारे लहान जीव) खात असावा. हा निष्कर्ष प्रामुख्याने दंतहीन जबडे व त्याच कुलातील जुरासिक काळातील लीड्सिक्थिस या प्रचंड माशाशी असलेले नाते यांवर आधारलेला आहे, परंतु तो पटण्याजोगा आहे. लीड्सिक्थिस हा अल्पजीवी अपवाद आहे, असे पूर्वी मानले जाई. २०१० च्या निबंधाने गाळून खाणाऱ्या या अस्थिमत्स्यांची परंपरा सु. १० कोटी वर्षे सलग चालल्याचे दाखवले. ही या शोधाची खरी थोरवी. व्हेलशार्क व बलीन देवमासे ही जागा त्यानंतरच व्यापताना दिसतात.

प्रजनन व वाढ यांविषयी ठोस पुरावे नाहीत.

याच निबंधात इंग्लंडमधील खडूतील रिंकोनिक्थिस हा याच कुलातील वंशही वर्णिला गेला. त्याची आणखी एक जाती, रिं. पर्गॅट्वारेन्सिस, २०१६ मध्ये कोलोरॅडोतील कार्लाइल शेलमधील कवटीवरून वर्णिली गेली. हे कोलोरॅडोतील खडक पश्चिम अंतर्देशीय समुद्राचेच, परंतु स्मोकी हिल खडूपेक्षा जुने, सु. ९.२ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत.