आगाऊपणा

आगाऊ (बोलीत ‘आगाव’) : न विचारता बोलणारा, पायरी सोडून पुढे होणारा. हे विशेषण लिंगवचनानुसार बदलत नाही : आगाऊ पोरगा, आगाऊ पोरगी, आगाऊ पोरं. रक्कम, आरक्षण, सूचना यांना लागल्यास अर्थ ‘मुदतीपूर्वीचे’. या अर्थी ‘अगाऊ’ असेही लिहितात.

व्युत्पत्ती : सं. अग्र > प्रा. अग्ग > म. आग- ही परंपरा बहुधा निर्विवाद. हस्त-हत्थ-हात, सप्त-सत्त-सात यांप्रमाणेच येथे जोडाक्षर सुटून आधीचा स्वर दीर्घ झाला. वाद आहे तो ‘-आऊ’चा. टिकाऊ, विकाऊ, लढाऊ, शिकाऊ यांत तो धातूला लागतो, आणि ‘आग-’ हा धातू नव्हे. त्यामुळे ‘पेशगी’ (आधी दिलेली रक्कम) या अर्थाच्या हिंदी ‘अगाऊ’वरून शब्द तयारच उचलला असावा, असे मानता येते. गुजराती ‘अगाउ’ म्हणजे पूर्वी. मात्र या दोन्ही भाषांत अर्थ मुख्यतः काळ आणि पैसा यांपाशीच थांबतो. तेव्हा शब्द उसना धरला, तरी वागणुकीचा अर्थ मराठीतला आणि उत्तरकालीन मानणे अधिक सयुक्तिक. जमाखर्चातून स्वभावात शिरलेला हा एकटाच शब्द नव्हे. अरबी मुळाचा ‘फाजील’ (शिलकीपेक्षा जास्त) याच वाटेने ‘फाजीलपणा’पर्यंत आला. ‘अग्ग’च्याच कुळातला ‘आगळा’ स्तुतीला लागला, ‘आगळीक’ मात्र आगाऊपणाच्या पंगतीत बसली.

मराठवाड्यात : येथील खेड्यांत पैशाचा अर्थ जवळजवळ ऐकू येत नाही. पाडव्याला साल धरणारा गडी मालकाकडून आणि बीडकडची ऊसतोड टोळी मुकादमाकडून आधीच रक्कम घेते ती ‘उचल’. जमीन वा बैलाच्या सौद्यात देतात तो ‘इसार’. निजामी राजवटीच्या अखेरच्या काळात, म्हणजे सप्टेंबर १९४८ पर्यंत, दफ्तर उर्दूत होते; तेथे ‘पेशगी’ चाले. जागा अशी आधीच भरलेली असल्याने ‘आगाव’ केवळ वागण्यापुरता उरला असावा.

सोयरिकीच्या बैठकीत पाहुणा विचारतो, “जमीन किती हाय?” थोरले घसा खाकरेपर्यंत दहा वर्षांचे पोर बोलून जाते, “धा एकर. सात गहाण हाय.” आतून आई : “गप बस, आगाव कुठलं!” पोर खोटे बोललेले नसते. बोलण्याची पाळी त्याची नसते, एवढाच गुन्हा. लातूर-धाराशिवकडे हेच “लई आगावपणा करूलालंय” असे ऐकू येते.

चोंबडा इकडचे तिकडे करतो, भोचक नको तेथे नाक खुपसतो. आगाऊला दोन्हींची गरज नसते. शब्द वडीलधाऱ्यांकडून धाकट्यांकडे वापरला जातो. थोरल्या माणसाबद्दल, तेही पाठीमागे, “लई पुढं पुढं करतेत” एवढेच म्हणतात. मुलींना तो मुलांपेक्षा लवकर आणि कमी कारणाने चिकटतो. रांगत्या बाळाने आजोबांचा चष्मा ओढला, तर तोच शब्द हसत म्हटला जातो.