डेस्कटॉपचं ४०७० आणि लॅपटॉपचं ४०७०: नाव एकच, ताकद वेगळी

गेमच्या पानावर ‘रेकमेंडेड’खाली आरटीएक्स ४०७० हे एनव्हिडिया कंपनीचं ग्राफिक्स कार्ड लिहिलेलं असतं. लॅपटॉपच्या स्टिकरवरही आरटीएक्स ४०७० असतं. दोन्ही जुळलं म्हणून माणूस निर्धास्तपणे पैसे मोजतो, आणि पुढे हाय सेटिंगवर गेम अडखळायला लागला की खापर गेमवर फोडतो. पण अशा यादीत जवळजवळ नेहमी डेस्कटॉपचं कार्ड धरलेलं असतं. लॅपटॉपमधलं ४०७० ही त्याच्या खालची चिप आहे.

आकडेच पाहा. डेस्कटॉपच्या ४०७० मध्ये एडी१०४ ही चिप, ५,८८८ कुडा कोअर (चित्राचं गणित करणारे चिपमधले छोटे भाग) आणि १२ जीबी मेमरी असते. लॅपटॉपच्या ४०७० मध्ये एडी१०६, ४,६०८ कोअर आणि ८ जीबी. ही एडी१०६ डेस्कटॉपवर ४०६० टीआय या कार्डात येते. म्हणजे नाव एक पायरी वरचं लागलं आहे.

सगळ्याच मॉडेलांत हा फरक सारखा नाही, आणि इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. ४०६० मध्ये डेस्कटॉप आणि लॅपटॉप दोन्हीकडे तीच एडी१०७ चिप, तेच ३,०७२ कोअर, तीच ८ जीबी मेमरी. जसजसं वर जाल तसतशी तफावत वाढत जाते. डेस्कटॉपच्या ४०९० मध्ये १६,३८४ कोअर आणि २४ जीबी मेमरी आहे, तर लॅपटॉपच्या ४०९० मध्ये ९,७२८ कोअर आणि १६ जीबी. सर्वांत महागडा लॅपटॉप घेणाऱ्याची निराशा सर्वांत मोठी होते ती यामुळेच.

कारण उष्णतेचं आहे. डेस्कटॉपचं ४०९० कार्ड एकटंच ४५० वॅटपर्यंत वीज खातं. मोठ्या गेमिंग लॅपटॉपचा अडॅप्टर साधारण ३३० वॅटचा असतो, आणि तेवढ्यात प्रोसेसर, स्क्रीन, पंखे, बॅटरीचं चार्जिंग असं सगळंच भागवायचं असतं. बोटभर जाडीच्या डब्यातून तेवढी उष्णता बाहेर काढायला जागाच नाही. त्यामुळे लहान चिप वापरणं यात गैर काही नाही. माझी तक्रार नावाबद्दल आहे. २०१६ पर्यंत एनव्हिडिया लॅपटॉपच्या कार्डांना शेवटी ‘एम’ लावत असे, उदाहरणार्थ जीटीएक्स ९८०एम. जीटीएक्स १० मालिकेत तो ‘एम’ गेला, आणि तेव्हा ते रास्तही होतं, कारण लॅपटॉपच्या १०८० मध्ये डेस्कटॉपइतकेच २,५६० कोअर होते. पुढे तफावत परत आली (डेस्कटॉपच्या ३०८० मध्ये ८,७०४, लॅपटॉपच्या ३०८० मध्ये ६,१४४), ‘एम’ मात्र परत आला नाही. अधिकृत नावात ‘लॅपटॉप जीपीयू’ हे शब्द असतात, पण जाहिरातीत ते सर्रास गळतात.

आता दुसरी गफलत, जी मला पहिलीपेक्षाही जास्त खटकते. दोन लॅपटॉप, दोन्हींत ४०७०, आणि तरी खेळताना एक दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे मागे. या चिपला किती वीज द्यायची हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते, आणि एनव्हिडियाने त्यासाठी ३५ ते ११५ वॅट इतका मोठा पट्टा मोकळा ठेवला आहे. या मर्यादेला टीजीपी म्हणतात. सडपातळ लॅपटॉपमध्ये ती बहुधा कमी असते, जाडजूड लॅपटॉपमध्ये जास्त. पूर्ण वीज मिळणारं ४०६० हे उपाशी ठेवलेल्या ४०७० ला सहज मागे टाकतं. म्हणून नुसता मॉडेल नंबर पाहून लॅपटॉप घेऊ नका, असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो.

हा आकडा शोधायला फार खटपट लागत नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर तपशिलाच्या पानात ग्राफिक्सच्या ओळीपुढे बहुधा वॅट लिहिलेले असतात. हाताशी लॅपटॉप असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडा आणि खालच्या कोपऱ्यातल्या ‘सिस्टिम इन्फर्मेशन’वर क्लिक करा. त्या यादीत ‘मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर’ अशी एक ओळ दिसेल. तिथला आकडा ११५ पेक्षा मोठा दिसला तर गोंधळू नका. प्रोसेसरवर ताण कमी असताना त्याच्या वाट्याची थोडी वीज ग्राफिक्सकडे वळवता येते, ती त्यात धरलेली असते.

मग कोणता आकडा कुणाला पुरे? ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक २’ खेळणाऱ्याने वॅटची फार काळजी करू नये. या गेमना ग्राफिक्सपेक्षा चांगला प्रोसेसर आणि वेगवान स्क्रीन जास्त कामाला येते. ‘सायबरपंक २०७७’ रे ट्रेसिंगसह (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढायची पद्धत) खेळायचा असेल तर मात्र एकेक वॅट मोलाचा आहे. आणि मेमरीचं गणित वेगळंच. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ या २०२४ च्या गेमला किमान यादीतच ८ जीबीचं कार्ड लागतं. लॅपटॉपच्या ४०६० आणि ४०७० दोघांकडेही तेवढीच मेमरी आहे, त्यामुळे टेक्स्चरच्या (गेममधल्या वस्तूंच्या पृष्ठभागावरच्या चित्रांच्या) बाबतीत ४०७० घेऊन पदरात जादा काही पडत नाही. ही मेमरी भरली की माहिती साध्या रॅममध्ये जाते आणि चित्र मध्येच झटके खाऊ लागतं. रॅम नंतर वाढवता येते, पुष्कळ लॅपटॉपमध्ये. ग्राफिक्सची मेमरी कधीच नाही.

गेमची यादी वाचताना मी एक साधा नियम पाळतो: लॅपटॉपचं ४०७० म्हणजे डेस्कटॉपचं ४०६० टीआय समजायचं, तेही वीज पूर्ण मिळत असेल तर. ४०६० ला पूर्ण वीज असेल तर ते जवळपास आहे तसंच धरायचं. ४०९० असेल तर यादीतल्या ४०८० च्याही थोडं खाली नजर टाकायची.

एवढं करूनही शंका उरली तर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून गेम घ्या आणि लगेच तपासा. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि एकूण २ तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. तपासताना चार्जर लावलेला हवा, कारण बॅटरीवर ग्राफिक्सची वीज खूपच कमी होते. पहिल्या पाच मिनिटांत दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमचा (चित्रांचा) आकडा पाहून खूश होऊ नका. अर्धा तास खेळा, डबा पुरता तापू द्या, आणि मग जो आकडा स्थिर राहील तो धरा.