शिम-रिव्ह्यूचा अर्ज: पात्रता, कागदपत्रे आणि नेमके अडते कुठे

सिक्युअर बूट (विश्वासू सही नसलेले सॉफ्टवेअर सुरू होऊ न देणारी सोय) चालू असलेल्या संगणकावर तुमचे लिनक्स वितरण विनातक्रार सुरू व्हायचे, तर शिमवर, म्हणजे सर्वांत आधी चालणाऱ्या छोट्या बूट प्रोग्रामवर, मायक्रोसॉफ्टची सही लागते, आणि तिच्याआधी शिम-रिव्ह्यूची, म्हणजे शिम तपासणाऱ्या समीक्षकांची, मंजुरी.

आधी पात्रता पाहा. स्वतःच्या दोन-चार यंत्रांसाठी किंवा एखाद्या ड्रायव्हरसाठी हा अर्ज करूच नका. मोकयुटिल या आज्ञेने त्या यंत्रांवर स्वतःची की (सही करण्याची किल्ली) नोंदवली की काम भागते. दुसऱ्या वितरणाचा सही झालेला शिम का चालणार नाही, हे पटवून द्यावे लागते. ‘आमचा कर्नल (लिनक्सचा गाभा) आम्हीच बांधतो, त्यावर सही आमच्याच कीची’ हे कारण झाले. ‘आमचा लोगो वेगळा आहे’ हे नव्हे.

शिम-रिव्ह्यूची गिटहबवरची नमुना रेपॉझिटरी घ्या, प्रश्नावली भरा, टॅग लावा, इश्यू (अर्जाची नोंद) उघडा. हे सगळ्यांना जमते.

अडते ते बिल्डपाशी. तपासणारा तुमच्या डॉकरफाइलवरून (बांधणीची कृती लिहिलेल्या फाइलवरून) शिम बांधतो, आणि त्याचा हॅश, म्हणजे फाइलचा ठसा, तुमच्या शिमशी तंतोतंत जुळावा लागतो. बेस इमेजला (बांधणी ज्या तयार सिस्टिमवर होते तिला) ‘लेटेस्ट’ लिहिले असेल तर उद्या कंपायलर बदलतो आणि हॅशही. आवृत्ती पक्की करा. शिममध्ये घालायचे सर्टिफिकेट डीईआर या बायनरी स्वरूपातच हवे. पीईएम (मजकूर स्वरूप) दिलेले अर्ज अजून येतात. एसबॅटमध्ये (सदोष आवृत्त्या रद्द करता याव्यात म्हणून शिममध्ये असलेल्या यादीत) मूळ शिमची ओळ तशीच ठेवून खाली आपली ओळ जोडा.

संपर्कासाठी दोन व्यक्ती मागतात, दोघांच्या पीजीपी कीसह (मेल कूटबद्ध करण्याची की). त्यांना कूटबद्ध मेलने काही शब्द येतात, ते उलगडून इश्यूत लिहायचे. एकट्याने चालवलेले प्रकल्प इथेच अडकतात, कारण दुसरा माणूस केवळ नावापुरता असतो.

सर्वांत जास्त गोंधळ कर्नलच्या उत्तरांत. ‘लॉकडाउन आहे’, म्हणजे चालू कर्नलमध्ये फेरफार करू न देणारे बंधन आहे, एवढे लिहून भागत नाही. सिक्युअर बूट चालू दिसताच लॉकडाउन आपोआप लागू करणारा पॅच मूळ कर्नलमध्ये नाही. तो वितरणे स्वतः लावतात. तुम्ही तो लावलाय, की बिल्डच्या वेळीच लॉकडाउनची इंटेग्रिटी पातळी सक्तीची केलीय, हे स्पष्ट सांगा. मॉड्यूलवर (कर्नलला जोडल्या जाणाऱ्या तुकड्यांवर) सही करणारी की प्रत्येक बिल्डला नवी करून नंतर टाकून द्यावी. एकच की कायम ठेवली, तर जुन्या बिल्डचे सदोष मॉड्यूल नव्या कर्नलमध्ये कसे शिरणार नाही, हे समजावून सांगावे लागते. शिममधल्या सर्टिफिकेटची खाजगी की मात्र एचएसएमसारख्या, की सुरक्षित ठेवणाऱ्या हार्डवेअर उपकरणात हवी, बिल्ड सर्व्हरच्या डिस्कवर नको.

मग रांग. तपासणारे बहुतेक स्वयंसेवक, त्यामुळे महिने जाऊ शकतात. तेवढ्यात इतरांचे अर्ज तपासा. तशी अपेक्षाही असते. सहीसाठी शिम जिथे पाठवायचा त्या मायक्रोसॉफ्टच्या पोर्टलसाठी लागणारे ईव्ही सर्टिफिकेटही याच काळात काढून ठेवा. संस्थेची पडताळणी झाल्याशिवाय ते मिळत नाही, आणि मंजुरी हातात असूनही अर्जदार त्यापायी खोळंबतात.