व्हाइटनर, सोल्युशन आणि वस्ती: हुंगण्याची नशा रोखायची कशी

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून देशातल्या व्यसनांची मोठी पाहणी करून घेतली. तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारू, गांजा, अफूजन्य पदार्थ अशा सगळ्या नशांमध्ये मोठ्यांचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त निघालं, एक प्रकार सोडून. व्हाइटनर, थिनर, पंक्चरचं सोल्युशन, पेट्रोल असे वाफ होणारे पदार्थ हुंगणारे १८ वर्षांवरच्यांमध्ये ०.५८ टक्के होते आणि १० ते १७ वयाच्या मुलामुलींमध्ये १.१७ टक्के, म्हणजे दुप्पट. या एका नशेतून बाहेर पडण्यासाठी देशातल्या सुमारे ४ लाख ६० हजार मुलांना मदत हवी आहे, असाही त्या पाहणीचा अंदाज आहे.

या मुलांना माल पुरवायला कुणी दलाल लागत नाही. स्टेशनरीचं दुकान, हार्डवेअर, सायकलवाला, चप्पल दुरुस्तीची टपरी, गॅरेज, सगळीकडे वस्तू उघड्यावर असतात आणि स्वस्त असतात. ती बाळगणं किंवा हुंगणं हा एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गुन्हा ठरत नाही, त्यामुळे पोलिसांचा इलाज इथे फारसा चालत नाही. अटकाव करू शकतात ते दुकानदार, शिक्षक, शेजारी आणि घरची माणसं. म्हणून हा लेख मोठ्यांसाठी आहे. मुलं हे नेमकं कसं करतात, ते यात मुद्दाम लिहिलेलं नाही.

आधी शरीरात काय होतं ते पाहू. चिकटद्रव्यांच्या आणि रंगाच्या धंद्यात टोल्यूइन नावाचं द्रावक, म्हणजे इतर पदार्थ विरघळवणारं रसायन, सर्रास वापरतात. ते चरबीत सहज विरघळतं. फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायला त्याला काही क्षण पुरतात. मेंदू सुस्तावतो, तोल जातो, हसू येतं, भास होतात आणि पाऊण तासाच्या आत सगळं उतरतं. उतरतं म्हणून मूल पुन्हा घेतं. भूक आणि थंडी जाणवेनाशी होते, हे रस्त्यावर राहणाऱ्या मुलांच्या बाबतीत फार मोठं कारण आहे. उपाशी मुलाला आधी जेवण मिळालं नाही, तर पुढचं कुठलंही समुपदेशन त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

महिनोन् महिने हुंगलं की मेंदूतल्या चेतातंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब होतं. वायरीवरचं प्लास्टिक निघाल्यावर होतं तसं, निरोप नीट पोहोचेनासे होतात. चाल बिघडते, हात थरथरतात, विसराळूपणा वाढतो. शिवाय टोल्यूइन शरीरात मोडताना रक्तातली आम्लता वाढते आणि मूत्रपिंडातून पोटॅशियम वाहून जातं. अशा मुलाला एखाद्या सकाळी पायच उचलता येत नाहीत. घरच्यांना वाटतं लकवा झाला. डॉक्टरांना हुंगण्याबद्दल सांगितलं, तर पोटॅशियमची साधी तपासणी लगेच होते आणि वेळीच उपचार झाले की ताकद परत येऊ शकते. लाजेपोटी लपवलं, तर निदानात मौल्यवान तास जातात. काही चिकटद्रव्यांत हेक्झेन असतं. त्याने आधी पायांची बोटं बधिर होतात, मग पाऊल घसटतं. सवय सुटल्यावरही काही आठवडे हा त्रास वाढत राहू शकतो. औषधाने बिघडलं असं समजून घरच्यांनी उपचार सोडू नयेत.

सर्वांत तातडीचा धोका मात्र हृदयाचा आहे आणि तो पहिल्याच वेळीही गाठू शकतो. १९७० मध्ये अमेरिकेतल्या बास नावाच्या डॉक्टरने हुंगताना अचानक मरण पावलेल्या ११० तरुणांची माहिती प्रसिद्ध केली. द्रावकांच्या वाफेने हृदयाचा स्नायू अॅड्रेनलिनला अतिसंवेदनशील होतो. त्याच वेळी मूल दचकलं किंवा जिवाच्या आकांताने पळालं, की अॅड्रेनलिन उसळतं, हृदयाचे ठोके विस्कटतात आणि ते थांबतं.

म्हणून पुलाखाली किंवा शाळेच्या भिंतीमागे हुंगणारा मुलगा दिसला, तर आपल्या हातून सहज घडणारी गोष्ट सर्वांत घातक ठरते: ओरडणं, मागे धावणं, कानाखाली मारणं. तसं काही करू नये. चालत जावं, त्याला दिसेल अशा बाजूने. हळू आवाजात बोलावं. हातातली वस्तू हिसकावू नये, मागून घ्यावी. द्रावकाने भिजलेला कपडा अंगावर असेल तर तो काढायला सांगावं. मुलाला मोकळ्या हवेत बसवावं आणि नशा पूर्ण उतरेपर्यंत त्याच्यापाशी थांबावं. जवळ कुणी विडी किंवा काडी पेटवू नये. वाफ पेट घेते. मूल गुंगीत असेल तर कुशीवर वळवावं, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. द्रावक पोटात गेलं असेल तर उलटी काढायला लावू नये, कारण ते फुप्फुसात उतरलं तर अधिक नुकसान करतं. शुद्ध हरपली, श्वास अडखळला किंवा झटका आला, तर १०८ ला फोन करावा. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब द्यायला सुरुवात करावी आणि मदत येईपर्यंत थांबू नये. रुग्णवाहिकेतल्या माणसाला ‘द्रावक हुंगलंय’ हे पहिल्या वाक्यात सांगावं, आणि बाटली किंवा ट्यूब सोबत द्यावी.

हे नियम शाळेच्या शिपायाला, रिक्षा स्टँडवरच्या चालकांना, सफाई कामगारांना आणि रात्रीच्या वॉचमनला माहीत हवेत. मुलं सापडतात ती त्यांनाच.

घरात ओळखायचं कसं? तोंडाला आणि कपड्यांना रंगाचा किंवा केमिकलचा वास, बोटांवर आणि बाहीवर पांढरे किंवा चिकट डाग, नाकातोंडाभोवती लालसर पुरळ, पाणावलेले डोळे, मेलेली भूक, दप्तरात गरज नसताना बाटल्या किंवा वास मारणारे रुमाल. एकट्या खुणेवरून आरोप करू नये. दोन-तीन खुणा वारंवार दिसल्या तर बोलावं. बाजारात मिळणारी लघवीची नशा-तपासणी किट या कामी निरुपयोगी आहेत. त्यांत द्रावकं सापडत नाहीत. किट कोरी आली म्हणून पालक निश्चिंत होतात आणि तिथेच घात होतो.

शाळांकडून होणारी चूक वेगळी असते. व्यसनविरोधी दिन येतो, पाहुणे येतात, पडद्यावर बाटल्यांची चित्रं लागतात. ज्या मुलांना हे ठाऊकच नव्हतं, त्यांना त्या दिवशी ठाऊक होतं. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमध्ये या नशेवर बरीच वर्षं काम झालं आहे. तिथल्या मार्गदर्शनाचा रोख असा, की लहान मुलांपुढे पदार्थांची यादी वाचू नये. द्रावकं ही विषारी रसायनं आहेत, ती वापरताना खिडकी उघडी ठेवायची, वास घ्यायचा नाही, हे घरातल्या सुरक्षिततेचा भाग म्हणून शिकवावं. बाटलीतला व्हाइटनर शाळेतून हद्दपार करणं तर एका परिपत्रकाचं काम आहे: चूक झाली की एक आडवी रेघ मारायची, फार तर टेपचा व्हाइटनर वापरायचा. हस्तकलेला पाण्यात मिसळणारा पांढरा डिंक पुरतो.

दुसरी चूक म्हणजे हुंगणारी सगळी मुलं एकत्र करून त्यांचा ‘सुधार वर्ग’ भरवणं. वाट चुकलेल्या किशोरांना एकाच गटात बसवलं की ती एकमेकांकडून आणखी शिकतात आणि त्यांचं वागणं बिघडतं, हे अमेरिकेतल्या प्रयोगांतून दिसलं आणि १९९९ मध्ये प्रसिद्धही झालं. अशी दोन-तीन मुलं वीस इतर मुलांच्या कबड्डी संघात किंवा ढोल पथकात घ्यावीत. आणि शाळेतून नाव काढणं हा उपाय कधीच करू नये. शाळेशी असलेला धागा तुटला, की मुलाकडे दिवसभराचा रिकामा वेळ आणि तेच मित्र उरतात.

वस्तीने हातात हात घालून हे थांबवल्याचं माझ्या मते सर्वांत बोलकं उदाहरण मध्य ऑस्ट्रेलियातलं आहे. एलिस स्प्रिंग्ज शहरापासून सुमारे ३०० किलोमीटरवर युएन्डुमू नावाची वार्ल्पिरी आदिवासींची वस्ती आहे. १९९४ च्या सुमारास तिथली ७० च्या आसपास मुलं नियमित पेट्रोल हुंगत होती. वस्तीतल्या ज्येष्ठांनी ठरवलं, की या मुलांना काही काळ आपल्या परंपरागत जमिनीवर, माउंट थिओला न्यायचं. ते तिथून सुमारे १६० किलोमीटर दूर. तिथे पेट्रोल हाताला लागत नव्हतं आणि आजीआजोबांच्या वयाची माणसं मुलांसोबत राहत होती. शिकार, रानातलं अन्न, जमिनीच्या कथा, वेळेवर जेवण आणि झोप. तुरुंग नव्हता आणि दवाखानाही नव्हता.

पण त्यांनी एवढ्यावर थांबायचं नाही हे ओळखलं, आणि ते फार महत्त्वाचं आहे. मूल परत आल्यावर तोच कंटाळा वाट पाहत असेल, तर सगळं वाया. शिवाय फक्त हुंगणाऱ्यांनाच सहल आणि लक्ष मिळालं, तर बाकीची मुलंही हुंगायला लागतील. म्हणून त्याच वेळी खुद्द युएन्डुमूमध्ये सगळ्या मुलांसाठी खेळ आणि संध्याकाळचे कार्यक्रम सुरू झाले. काही वर्षांत तिथलं पेट्रोल हुंगणं जवळजवळ संपलं.

दुसरी बाजू मालाची. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियात बीपी या तेल कंपनीने ओपल नावाचं पेट्रोल आणलं. साध्या पेट्रोलमध्ये सुमारे २५ टक्के असणारी टोल्यूइनसारखी अॅरोमॅटिक हायड्रोकार्बनं त्यात ५ टक्क्यांवर आणली होती. गाडी चालते, नशा होत नाही. सरकारने त्याला अनुदान दिलं. अडचण आली ती काही पंपांनी ते ठेवायला नकार दिल्यावर, कारण एका पंपावर जुनं पेट्रोल मिळालं की आसपासच्या वस्त्यांत पुन्हा सुरुवात व्हायची. अखेर २०१३ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. ज्या वस्त्यांची वेळोवेळी पाहणी झाली, तिथे २०१८-१९ पर्यंत पेट्रोल हुंगणाऱ्यांची संख्या सुमारे ९५ टक्क्यांनी घटलेली आढळली.

आपल्या वस्तीतही हीच अडचण येते. नऊ दुकानदार ऐकतात आणि दहावा विकतो. म्हणून दुकानदारांना एकेकटं गाठू नये, सगळ्यांना एका बैठकीत बोलवावं. मागण्या कराव्यात त्या साध्या: बाटली काउंटरच्या मागे ठेवायची, शाळकरी मुलाला एकट्याला द्यायची नाही, एकच मूल दर दोन दिवसांनी मागत असेल तर कळवायचं. गॅरेज आणि पंक्चरवाल्यांकडे कामाला ठेवलेली पोरं दिवसभर त्याच वासात असतात. त्यांच्याकडे वेगळं लक्ष हवं. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेत गावासाठी आणि वॉर्डासाठी बाल संरक्षण समिती असते. ती कागदावरच असेल तर जागी करावी. नवी समिती काढण्याऐवजी तीच वापरली, तर अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपर्यंतचा रस्ता आयता मिळतो. नशेकडे ओढलं जाण्याचा धोका असलेलं मूल २०१५ च्या बाल न्याय कायद्यात ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक’ ठरतं, गुन्हेगार नव्हे.

आपण करतोय ते कामाला येतंय का, हे मोजता येतं. वस्तीतल्या पाच-सहा ठरलेल्या जागा घ्याव्यात: पुलाखाली, स्टेशनचं टोक, शाळेची मागची भिंत, बंद पडलेलं शौचालय. दर सोमवारी सकाळी, झाडू लागायच्या आधी, हातमोजे घालून रिकाम्या ट्यूबा आणि बाटल्या मोजाव्यात आणि वहीत लिहावं. मुलांचे फोटो काढू नयेत, नावं लिहू नयेत. आकडा एका जागी घटून दुसऱ्या जागी वाढला, तर मुलं फक्त हलली आहेत.

घरच्यांसाठीचं काम सर्वांत कठीण. नशेत असलेल्या मुलाशी वाद घालू नये. बोलणं दुसऱ्या दिवशी, पोटात अन्न असताना करावं. अमेरिकेत क्राफ्ट नावाची पद्धत मोठ्यांच्या दारूच्या व्यसनासाठी तपासली गेली. तिच्यात घरच्यांना शिकवतात, की व्यसनी माणूस शुद्धीत असेल तेव्हा त्याला जवळ घ्या, त्याच्या आवडीचं करा. नशेत असेल तेव्हा भांडू नका, फक्त बाजूला व्हा. १९९९ च्या अभ्यासात असं शिकलेल्या घरांपैकी ६४ टक्के घरांतला माणूस उपचाराला तयार झाला. सगळ्यांनी मिळून अचानक घेरून जाब विचारण्याच्या पद्धतीने ३० टक्केच तयार झाले. मुलांच्या बाबतीतही तत्त्व तेच ठेवावं असं मला वाटतं. नशा न करता घरी आलेल्या संध्याकाळी आवडीची भाजी, वडिलांसोबत अर्धा तास, रोख पैसे मात्र नाहीत. बाप स्वतः पीत असेल तर त्याच्यावर उपचार हा मुलाच्या उपचाराचाच भाग धरावा. पुण्यात १९८६ पासून चालू असलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रात घरच्यांनाही कामाला लावतात ते याचसाठी.

द्रावकांच्या नशेवर उतारा म्हणून कोणतंही औषध नाही. सोडल्यावर दोन ते पाच दिवस चिडचिड, घाम, मळमळ, झोपेची तक्रार राहते. मात्र मेंदू लगेच पूर्ववत होत नाही. पहिले दोन ते चार आठवडे मुलाला लांबलचक समजावणं झेपत नाही. वीस-तीस मिनिटांची छोटी बैठक, खाणं, झोप, खेळ एवढंच ठेवावं. पहिल्याच आठवड्यात ‘ऐकतच नाही’ म्हणून केंद्राने घरी पाठवलं, तर महिनाभराने पुन्हा न्यावं. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मुलांसाठी १०९८, मानसिक आधारासाठी टेलिमानस १४४१६. फोन करताना मुलाचं वय, काय हुंगतो, किती महिन्यांपासून, आणि चालताना पाय ओढतो का, एवढं लिहून हाताशी ठेवावं.