स्टेडियम वाढवायचं की हलवायचं?

इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात स्टॅनली पार्क नावाची बाग आहे. तिच्या एका अंगाला ॲनफिल्ड आणि दुसऱ्या अंगाला गुडिसन पार्क. दोन्ही स्टेडियममधलं अंतर दोन किलोमीटरसुद्धा नाही. एव्हर्टन हा फुटबॉल क्लब मुळात ॲनफिल्डवरच खेळायचा. १८९२ मध्ये भाड्यावरून जागामालकाशी बिनसलं आणि क्लब बागेपलीकडे निघून गेला. रिकाम्या पडलेल्या मैदानासाठी मग लिव्हरपूल हा नवा क्लब उभा राहिला. पुढे सव्वाशे वर्षांनी दोघांसमोर एकच प्रश्न आला. लिव्हरपूलने आहे त्याच जागी आधी मुख्य स्टँड (२०१६), मग ॲनफिल्ड रोडकडचा स्टँड (२०२३-२४) वाढवून क्षमता ६१ हजारांवर नेली. एव्हर्टनने मर्सी नदीकाठची एक जुनी गोदी वाळूने बुजवून त्यावर ५२ हजारांहून जास्त आसनांचं नवं स्टेडियम बांधलं आणि २०२५ मध्ये त्याचा पुरुष संघ गुडिसन सोडून तिथे गेला.

शहर एक, नियम एक, हवामान एक, तरी निर्णय उलटे. पैसा, मालक, भावना ही कारणं आहेतच. पण नकाशा समोर ठेवला तर अर्धं उत्तर तिथेच मिळतं. गुडिसनला घरं आणि रस्ते अगदी लागून आहेत आणि एका कोपऱ्यात तर सेंट ल्यूक चर्च आहे. ॲनफिल्डच्या मुख्य स्टँडमागेही घरांच्या रांगा होत्या. त्या मिळवायला क्लबला कित्येक वर्षं लागली, पण त्या हटल्यावर मागे जागा मोकळी झाली. मग पुढे सामने सुरू असताना जुन्या स्टँडच्या पाठीमागे नव्याचा पोलादी सांगाडा चढवता आला.

नाशिकमध्ये हा प्रश्न एखाद्या क्लबचा म्हणून फारसा येत नाही, मैदानांचा म्हणून येतो. गोल्फ क्लबवरचं हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असो की आणखी कुठलं, मोठ्या सामन्याचा विषय निघाला की दोन तट पडतात: ‘आहे तेच नीट करा’ आणि ‘शहराबाहेर नवीन बांधा’. म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शहराच्या मध्यवस्तीत २० हजार क्षमतेचं, ३५-४० वर्षं जुनं आरसीसी स्टेडियम आहे आणि त्यात फुटबॉल खेळायचा आहे. काय आणि कुठल्या क्रमाने तपासायचं?

बहुतेक जण काँक्रीटपासून सुरुवात करतात. गॅलरीच्या छताचे पोपडे पडलेत, गंजलेले गज दिसतायत, म्हणजे स्टेडियम संपलं असा निष्कर्ष लगेच निघतो. तो घाईचा असतो.

ताज्या काँक्रीटचा सामू १२ ते १३ असतो. इतक्या अल्कधर्मी वातावरणात गजावर संरक्षक पापुद्रा टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये हळूहळू शिरतो आणि सामू ९ च्या खाली आणतो; याला कार्बनेशन म्हणतात. या घसरलेल्या सामूची रेषा गजापर्यंत पोचली की गंज सुरू होतो. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत असतं. आतून दाब वाढतो, गजाच्या रेषेत चीर पडते आणि मग पोपडा सुटतो. ही रेषा किती आत आली ते बघणं सोपं आहे. काँक्रीटचा एक कोपरा छिन्नीने फोडायचा, धूळ झटकायची आणि ताज्या फुटीवर लगेच फिनॉल्फ्थॅलिनचं एक टक्का द्रावण फवारायचं. जिथे भडक गुलाबी रंग येतो तिथलं काँक्रीट शाबूत आहे. बाहेरच्या कडेला रंगच न धरणारा पट्टा दिसतो, त्याची जाडी पट्टीने मोजायची.

ही खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. समजा २५ वर्षांत ती २५ मिलिमीटर झाली. त्याच वेगाने ४० मिलिमीटर व्हायला ६४ वर्षं लागतात, आणि २० मिलिमीटरला फक्त १६. गजावरचं कव्हर, म्हणजे गज झाकणारा काँक्रीटचा थर, निम्मं ठेवलं की संरक्षणाचा काळ चौथाईवर येतो तो असा. एकाच वर्षी, एकाच ठेकेदाराने बांधलेल्या दोन गॅलऱ्यांपैकी एक धडधाकट आणि दुसरी जर्जर असते, त्याचं कारण बहुधा इथे सापडतं: स्लॅब ओतताना गजाखाली कव्हर ब्लॉक ठेवले होते की नाही.

बाकी चाचण्या ठरलेल्या आहेत. अल्ट्रासॉनिक लहरींचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट चांगलं, तीनच्या खाली असेल तर संशयास्पद. गजाचा विद्युत विभव मोजणाऱ्या हाफ-सेल चाचणीत उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त ऋण आकडा आला तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त. शेवटी कोअर, म्हणजे काँक्रीटचे दंडगोल नमुने काढायचे. तीन कोअरची सरासरी अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्के हवी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नको. फक्त हातोडीची रिबाउंड चाचणी करून दिलेला अहवाल स्वीकारू नये. ती पृष्ठभागाचा कडकपणा मोजते, आणि कार्बनेशनमुळे पृष्ठभाग उलट जास्त कडक होतो.

दुरुस्ती फसते ती वरवर केल्यामुळे. पोपडा काढून गिलावा मारला आणि रंग दिला की दोन पावसाळ्यांत त्या पॅचच्या कडेलाच नवी चीर येते. पॅचमधला गज आता सुरक्षित असतो आणि शेजारच्या जुन्या काँक्रीटमधला गज त्याच्या जागी गंजायला लागतो. म्हणून गजाच्या मागेही २०-२५ मिलिमीटर खोदायचं, गज पूर्ण साफ करायचा, शाबूत काँक्रीट लागेपर्यंत बाजूला सरकत राहायचं आणि मगच मायक्रो-काँक्रीट भरायचं. पायऱ्यांच्या सांध्यांतून झिरपणारं पाणी आधी बंद झालं नसेल तर हे सगळं वाया जातं. आपल्याकडे गॅलरीखाली गाळे असतात हा आणखी एक घोळ. नळासाठी बीमला पाडलेलं भोक, पोटमाळ्यासाठी कॉलममध्ये ठोकलेले अँगल हे कुठल्याच मूळ नकाशात नसतं. प्रत्येक गाळा उघडून बघावा लागतो.

एवढं करून काँक्रीट बहुतेक वेळा वाचवता येतं. वाचत नाही ती भूमिती.

मागच्या रांगेतल्या माणसाची नजर पुढच्याच्या डोक्यावरून किती उंचीने जाते, याला स्टेडियमच्या आखणीत सी-मूल्य म्हणतात. ६० मिलिमीटर किमान, ९० चांगलं, आणि पुढचा टोपीवाला असेल तर १२० हवं. समजा पुढच्या प्रेक्षकाचा डोळा मैदानाच्या जवळच्या रेषेपासून आडवा २० मीटर दूर आणि ८ मीटर उंच आहे, पायरीची रुंदी ८० सेंटिमीटर. पायरीची उंची ४० सेंटिमीटर असेल तर सी-मूल्य ७७ मिलिमीटर येतं. उंची ३५ केली तर ते थेट २९ वर घसरतं. पाच सेंटिमीटरची काटकसर केली की जवळच्या रेषेवरचा खेळ पुढच्याच्या केसांआड जातो.

आपल्या जुन्या गॅलऱ्यांत लोक काँक्रीटच्या पायरीवरच बसतात. पायऱ्या अरुंद आणि बुटक्या असतात. त्यांवर बकेट खुर्च्या बसवल्या की गुडघे पुढच्याच्या पाठीला टेकतात. एक पायरी सोडून खुर्च्या लावल्या तर रांगा निम्म्या होतात. कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम एकेकाळी लाखाहून जास्त प्रेक्षक घ्यायचं. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी आसनं बसवल्यावर ते सत्तर हजारांच्या आत आलं. म्हणजे ‘२० हजार क्षमता’ हा आकडा नूतनीकरणानंतर २० हजार राहत नाही. आर्थिक हिशेब मांडण्याआधीच तो दुरुस्त करून घ्यावा.

धावपट्टी असलेल्या क्रीडा संकुलात फुटबॉल बसवायचा मोह तर टाळावाच. प्रमाणित ४०० मीटरच्या आठ पदरी ट्रॅकमध्ये १०५ बाय ६८ मीटरचं मैदान बसतं, पण गोलामागची पहिली रांग कमीत कमी ३६ मीटर लांब जाते. फुटबॉलच्या खास स्टेडियममध्ये हेच अंतर आठ-नऊ मीटर असतं. वेस्ट हॅम हा क्लब २०१६ मध्ये लंडनच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये गेला तेव्हापासून त्याचे पाठीराखे या अंतराबद्दल कुरकुरतायत, आणि त्यांचं बरोबर आहे.

वरचा मजला चढवून क्षमता भरून काढू, हा पुढचा प्रस्ताव असतो. तिथे ढोल आडवा येतो. गर्दी आपापली उडते तेव्हा धक्के विखुरतात, पण नाशिक ढोलाने ठेका धरला की हजारो माणसं सेकंदाला सुमारे दोन वेळा एकत्र आपटतात. त्या ठेक्याच्या दुपटी-तिपटीच्या वारंवारतेलाही धक्के बसत असतात. म्हणून रिकाम्या स्टँडची उभी नैसर्गिक वारंवारता, म्हणजे धक्का बसल्यावर तो आपणहून सेकंदाला किती वेळा वर-खाली कंप पावतो तो आकडा, ६ हर्ट्झच्या वर असावी, असा जुना ठोकताळा आहे. खांबांमधलं अंतर कमी असलेले जुने आरसीसी स्टँड त्यात सहसा पास होतात. पुढे झुकलेला, एकाच टोकाला आधार असलेला लांब कॅन्टिलिव्हर मजला मात्र सहज तीन-चार हर्ट्झवर येतो, आणि मग प्रत्यक्ष कंपनांचं सखोल विश्लेषण करावं लागतं.

आता माझ्या मते सगळ्यात निर्णायक आणि सगळ्यात स्वस्त तपासणी: मोजपट्टी घेऊन दरवाजे आणि बाहेरचे रस्ते मोजणं. ब्रिटनच्या स्टेडियम-सुरक्षा मार्गदर्शिकेनुसार सपाट वाटेवरून एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं जातात, जिन्यावरून ६६. सामना संपल्यावर ८ मिनिटांत प्रेक्षक आसनांवरून बाहेरच्या मुक्त वाटांपर्यंत पोचले पाहिजेत, आणि आगीचा धोका जास्त असेल तर हीच मर्यादा अडीच मिनिटांपर्यंत खाली येते. जिने धरले तर २० हजारांसाठी एकूण ३८ मीटर रुंदी लागते. कुलूप लावून ठेवलेलं फाटक यात धरायचं नाही. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या फुटबॉल मैदानात ११ मे १९८५ रोजी लाकडी स्टँडखालच्या कचऱ्याने पेट घेतला, काही मिनिटांत सगळा स्टँड भडकला आणि ५६ माणसं गेली. मागच्या बाजूची कुलूपबंद दारं त्या दुर्घटनेचा भाग होती.

३८ मीटरची दारं करता येतात, पण बाहेर ९ मीटरचीच गल्ली असेल तर? तिच्यातून मिनिटाला साधारण ७४० माणसं जातील, म्हणजे २० हजारांना २७ मिनिटं. पहिल्या आठ मिनिटांत सहा हजार निघून गेले तरी १४ हजार फाटकाबाहेर तुंबतात. चौरस मीटरला चार माणसं या मर्यादेत त्यांना उभं करायचं तर साडेतीन हजार चौरस मीटर मोकळं पटांगण हवं, आणि तिथे एकही भेळेची गाडी किंवा दुचाकी नको. गर्दी चौरस मीटरला सहा-सातवर गेली की माणसाचा स्वतःच्या पावलांवर ताबा राहत नाही. नाशिकला हे वेगळं सांगायला नको. २००३ च्या सिंहस्थात रामकुंडाच्या परिसरातल्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांचा जीव गेला.

म्हणून पटांगण नाही, दुसरा रस्ता नाही आणि मिळण्याची शक्यताही नाही, अशी जागा असेल तर काँक्रीटचे कोअर काढायचा खर्चही करू नये. एक तर क्षमता रस्त्याला झेपेल तेवढी खाली आणायची, नाही तर जागा बदलायची. जागा मिळू शकत असेल तर मी जुन्याच्या बाजूने आहे, कारण बाहेर जाणं कागदावर दिसतं तितकं स्वस्त नसतं.

बाहेरची जमीन म्हणजे आपल्याकडे बऱ्याचदा काळी माती, आणि खाली मुरूम, मग बसाल्ट. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरच्या तीन-साडेतीन मीटरमध्ये हा खेळ चालू असतो. त्यात उथळ पाया घातला तर स्टँडचा एक कोपरा वर उचलला जातो. माती काढून मुरमापर्यंत जायचं, किंवा अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगीर केलेले खोल खांब घालायचे. बोअर घेताना पहिला कठीण थर लागला की थांबू नये. लाव्हाच्या दोन थरांमध्ये लाल मऊ मातीचा पट्टा असू शकतो, आणि कधी तो ‘कातळ’ सुटा धोंडाच निघतो. पूररेषाही आधीच बघावी. गोदावरी, नासर्डी, वालदेवीच्या काठची जमीन स्वस्त असते ती उगाच नाही.

मैदानासाठी तर काळी माती निरुपयोगीच. पाणी मुरत नाही. बाजू धरून १२० बाय ८० मीटरच्या क्षेत्रात ३० सेंटिमीटर वाळूचा थर म्हणजे २,८८० घनमीटर, म्हणजे हजारेक ब्रास वाळू, त्याखाली खडीचा थर आणि साधारण पाच-पाच मीटरवर छिद्रांचे निचरा पाइप. तासात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर एवढ्या क्षेत्रावर ४ लाख ८० हजार लिटर पाणी पडतं. ते कुठे सोडायचं हे पाइप टाकण्याआधी ठरलेलं हवं.

बसचं गणितही डोक्यात ठेवावं. २० हजारांपैकी ३० टक्के लोक बसने जाणार म्हटलं तर साठ-साठ जणांच्या १०० फेऱ्या तासाभरात, म्हणजे दर ३६ सेकंदांनी एक बस. सिटीलिंक या शहर बससेवेची ताकद वाढवल्याशिवाय शहराबाहेरचं स्टेडियम दुचाकींच्या कोंडीत अडकणार हे नक्की.

वेळापत्रक कोलमडतं ते दोन्ही पर्यायांत. लंडनच्या टॉटनहॅम क्लबचं नवं स्टेडियम जुन्याच जागेवर झालं. २०१८ चा हंगाम सुरू होईपर्यंत उभं राहिलेलं दिसत होतं, पण अग्निसुरक्षा यंत्रणांमधल्या दोषांमुळे ते एप्रिल २०१९ मध्ये उघडलं. तोवर संघ वेम्बलीत भाड्याने खेळत होता. ॲनफिल्ड रोड स्टँडचा ठेकेदार २०२३ मध्ये काम अर्धवट असतानाच दिवाळखोरीत निघाला. बार्सिलोना क्लब नूतनीकरण चालू असलेल्या आपल्या स्टेडियमवर २०२४ च्या अखेरीस परतणार होता, परतला नोव्हेंबर २०२५ मध्ये, तोही स्टेडियम अपुरं असताना. नाशिकला त्यात पावसाळ्याचे चार महिने खोदकाम बंद, आणि २०२६-२७ च्या सिंहस्थामुळे मजूर, खडी, रेडीमिक्स सगळ्यांची ओढाताण.

छत मात्र इथे युरोपच्या नकलेने बांधू नये. लिव्हरपूलला २१ डिसेंबरच्या दुपारी सूर्य जेमतेम १३ अंश वर असतो. २५ मीटर उंच छताची सावली शंभर मीटरच्या पुढे जाते, म्हणून तिकडे हिवाळ्यात गवतावर दिवे लावावे लागतात. नाशिकला तोच सूर्य ४६ अंशांवर असतो आणि तेवढ्याच छताची सावली २४ मीटर पडते. छताची कड गोलरेषेच्या आठ मीटर मागे असेल तर दक्षिणेकडची पेनल्टी पेटी जवळपास पूर्ण सावलीत राहते. आपलं गवत म्हणजे बर्म्युडा, अर्थात हरळीचीच जात, आणि हरळीला सावली सोसत नाही. दक्षिणेच्या छताची कड आठ-दहा मीटर मागे घेतली किंवा तेवढा भाग पारदर्शक पत्र्याचा केला तर दिव्यांचा खर्च वाचतो. लागवड फेब्रुवारी-मार्चमध्ये करावी. उन्हात आठ ते बारा आठवड्यांत हरळी पसरते आणि पहिल्या पावसाआधी वाळूत मुळं धरते. जूनमध्ये लावली तर पहिल्याच सरीत रोपं वाहून निचऱ्याच्या चेंबरमध्ये जाऊन बसतात.