गणित चोख, गृहीतक कच्चं

१८६२ साली विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी पृथ्वीचं वय काढलं. रीत मोठी देखणी होती. खाणीत खोल उतरावं तसं तापमान वाढत जातं. ही वाढ त्यांनी दर किलोमीटरला साधारण ३६ अंश सेल्सिअस धरली. पृथ्वी सुरुवातीला सुमारे ३,९०० अंशांवरच्या वितळलेल्या खडकाचा गोळा होती असं मानलं, तर निवत निवत आजच्या स्थितीला यायला तिला किती काळ लागला असेल? उत्तर आलं ९.८ कोटी वर्षं. मोजमापांतली अनिश्चितता लक्षात घेऊन २ ते ४० कोटी. आज आपण हे वय सुमारे ४५४ कोटी वर्षं मानतो.

गणित चोख होतं. घोटाळा होता तो उष्णता पृथ्वीच्या पोटातून बाहेर कशी येते, याबद्दल धरून चाललेल्या गोष्टीत. ती फक्त वहनानं, खडकातून खडकात सरकत येते आणि खडकाची वाहकता खोलवर सगळीकडे सारखीच असते, असं केल्विन यांनी मानलं होतं. त्यांचेच एके काळचे सहायक जॉन पेरी यांनी १८९५ साली नेमकं इथे बोट ठेवलं. आतला भाग द्रवासारखा, अगदी सावकाश का होईना, ढवळला जात असेल, तर कवचाला खालून उष्णतेचा पुरवठा होत राहील आणि पृष्ठभागालगतची तापमानवाढ कितीतरी जास्त काळ टिकेल. एवढं एक गृहीतक बदललं की वय २०० ते ३०० कोटी वर्षांपर्यंत जाऊ शकतं, असा त्यांचा हिशेब होता. केल्विन बधले नाहीत. १८९७ मध्ये त्यांनी आकडा उलट २ ते ४ कोटींवर आणला. किरणोत्सर्गाच्या शोधानं केल्विन खोटे ठरले असं आपण वाचत आलो आहोत, पण किरणोत्सर्गातून निघणारी उष्णता हिशेबात धरली तरी नुसत्या वहनाच्या गणितात वय फारसं वाढत नाही. डळमळता खांब पेरींनी दाखवला तोच होता.

मराठीत ‘गृहीतक’ हा शब्द दोन अर्थांनी फिरतो आणि प्रबंध लिहिणाऱ्यांची त्यात हमखास गफलत होते. संशोधनातून जे तपासायचं ते एक. त्याला परिकल्पना म्हटलेलं बरं. तपासणी सुरू करण्याआधीच जे खरं मानून चालतो ते दुसरं, आणि मी बोलतोय ते या दुसऱ्याबद्दल. त्याच्याशिवाय कोणताच अभ्यास उभा राहत नाही, त्यामुळे गृहीत धरण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मात्र ‘उत्तरं देणारे खरं बोलतील असं गृहीत धरलं आहे’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक प्रबंधात जसंच्या तसं सापडतं, आणि खरं बोलतील असं का मानायचं, याबद्दल पुढे अवाक्षरही नसतं. निनावी प्रश्नावली होती का? तोच प्रश्न शब्द बदलून पुन्हा विचारला होता का? थोड्या जणांवर पूर्वचाचणी घेतली होती का? आधार असा द्यावा लागतो.

कधी कधी तर आपण काही गृहीत धरलंय हेच कळत नाही. समजा, १० वर्गांतल्या प्रत्येकी ३० मुलांची चाचणी घेतली. नमुना ३०० चा, असं आपण लिहून टाकतो. पण नेहमीच्या सांख्यिकी सूत्रांना प्रत्येक मूल स्वतंत्र लागतं, आणि एका वर्गातली मुलं तशी नसतात: शिक्षक तेच, फळा तोच, गोंगाटही तोच. एकाच वर्गातल्या मुलांच्या गुणांमध्ये ०.१ इतका किरकोळ सहसंबंध असला, तरी नमुना किती पटीनं आक्रसतो ते सांगणारा गुणक १ + २९ × ०.१ (२९ म्हणजे वर्गातली बाकीची मुलं), म्हणजे ३.९ येतो. ३०० ला ३.९ नं भागा. हातात उरते जेमतेम ७७ मुलांएवढी माहिती. हे आधी कळलं तर वर्ग वाढवता येतात. नंतर कळलं तर फक्त हळहळता येतं.

नमुन्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीचं. ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकानं सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालानं पाठवल्या, जवळपास २४ लाख परत आल्या, आणि रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार असं त्यांनी छापलं. रूझवेल्ट सुमारे ६१ टक्के मतं घेऊन जिंकले. टेलिफोन आणि मोटारी असणाऱ्यांच्या याद्या वापरल्या म्हणून हे झालं, असं सांगतात. ते अर्धंच खरं आहे. पुढच्या वर्षीच्या एका पाहणीतले आकडे नंतर तपासले, तेव्हा दिसलं की मतपत्रिका मिळालेल्या सगळ्यांनी ती परत पाठवली असती, तर त्याच सदोष यादीतूनही रूझवेल्टच पुढे दिसले असते. उत्तर न देणारे हे उत्तर देणाऱ्यांसारखेच असतील, या दुसऱ्या गृहीतकानं घात केला.

म्हणून मला स्वतःला आणखी एका प्रकारचा आधार सर्वांत भरवशाचा वाटतो: हे चुकलं तर काय, याचा हिशेब तिथल्या तिथे करून दाखवणं. उत्तर न देणाऱ्यांपैकी निम्मे उलट मताचे निघाले तर निष्कर्ष टिकतो का? लोकांनी झोपेचे तास तासाभरानं फुगवून सांगितले असतील तर? दोन-तीन ओळींचं कोष्टक पुरतं. निष्कर्ष टिकला तर वाचक निर्धास्त होतो, आणि कोसळला तर पुढचा अभ्यास नेमका कशावर करायचा ते त्याच कोष्टकात लिहिलेलं असतं.